तालीम पोचते, मैफल अडते

अल्लादियाखाँ १८९५ च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारात आले आणि शाहू महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, तिथेच राहिले. पुढे ते मुंबईला गेले आणि १९४६ मध्ये वारले. या साऱ्या काळात त्यांच्या गाण्याची एकही तबकडी निघाली नाही. ग्रामोफोन कंपनीची माणसं १९०२ पासून देशभर हिंडून गवयांचे आवाज टिपत होती, अब्दुल करीमखाँसारख्या समकालीनाच्या तबकड्या १९०५ च्या आसपास निघाल्याही होत्या. खाँसाहेबांचा आवाज मात्र कोणत्याच यंत्रात शिरला नाही. तरीही जयपूर-अत्रौली गायकी कोल्हापूरहून मुंबई, धारवाड, गोवा, कोलकाता करत आज अमेरिकेतल्या मराठी घरांपर्यंत पोचली आहे, आणि गेल्या काही वर्षांत तिचा एक मार्ग व्हिडिओ कॉलमधून जातो. एका टोकाला गुरू, दुसऱ्या टोकाला शिष्य, मध्ये हातभर पडदा. ज्या माणसाने आपला आवाज यंत्राला दिला नाही त्याची विद्या यंत्रातून जावी, ही विसंगती वाटेल. मला ती तशी वाटत नाही. कॉलवर दुसऱ्यासाठी गाणं-वाजवणं याला आपण ग्रामोफोन, रेडिओ, कॅसेट यांच्या रांगेत शेवटी उभं करतो, तिथेच गफलत होते. त्या रांगेशी त्याचं नातं लांबचं आहे. त्याचं जवळचं नातं आहे ते तालमीशी: गुरूने एक जागा घ्यायची, शिष्याने ती उचलायची, या जुन्या पद्धतीशी. (कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते, इथे गाण्याची तालीम अभिप्रेत आहे.) आणि म्हणूनच कॉलवर तालीम चालते आणि मैफल अडते. याची कारणं काही तांत्रिक आहेत, पण खरा उलगडा होतो तो या शहरात लोक आजवर गाणं कसं ऐकत आले ते पाहिल्यावर.

दुरून ऐकण्याची गोष्ट इथे यंत्रांच्या फार आधी सुरू होते. अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारावर नगारखाना आहे, जुन्या राजवाड्याच्या प्रवेशद्वारावरही आहे. सनई-चौघडा उंचावर बसवला जातो तो मुद्दाम. वाजवणारा दिसण्याची गरज नसते, आवाज पेठेपर्यंत गेला म्हणजे झालं. ऐकणारा आपल्या कामात असतो. त्याला पहाट झाल्याचं, देवीच्या आरतीची वेळ झाल्याचं कळतं. त्याने मान डोलवावी ही अपेक्षा नाही, आणि डोलवली तरी वरच्या माणसाला ती दिसत नाही. म्हणजे ऐकणाऱ्याकडून काहीच परत न येणारं, एकाच दिशेने वाहणारं संगीत ही विसाव्या शतकाची देणगी नव्हे. त्याच्या शेजारी दुसरा प्रकार नांदत होता, तो बैठकीचा. दरबारात, सरदारांच्या वाड्यांत आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबात ती भरायची. तिथे ऐकणारा गाण्याचा अर्धा भागीदार. जयपूर गायकीच्या बाबतीत तर जास्तच, कारण अनवट आणि जोड राग, तालाच्या मात्रांना धरून पुढे सरकणारी अखंड आलापी, तानेला मध्येच पडणारे पेच यांची मजा जाणकार समोर असल्याशिवाय पुरी होत नाही. समेच्या जरा आधी समोरच्याच्या डोळ्यांत ‘आता कसं येणार?’ हे दिसलं की गवई तो मुखडा आणखी आडवाटेने आणतो. दाद म्हणजे गाणं संपल्यावर द्यायची पावती, असं इथे नव्हतं. ती गाण्याला दिशा देत होती.

तिसरी जागा रंगभूमीची. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभं राहिलं. पुढे त्याला कोल्हापूरच्याच केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत पद ऐकू जाणं ही त्या काळच्या नाट्यगृहाची पहिली कसोटी होती. रंगमंचावरचा आवाज तीस मीटरवरच्या श्रोत्याकडे पोचायला सेकंदाच्या जेमतेम अकराव्या हिश्शाइतका वेळ लागतो आणि त्याचा कुणाला त्रास होत नाही, ही बाब लक्षात ठेवावी; पुढे ती कामाला येईल. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला बैठकीतल्या जाणकाराएवढं रागज्ञान नसेल, पण त्याच्या हाती ‘वन्स मोअर’ होता. त्या एका आरोळीवर नाटक थांबायचं, तेच पद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा व्हायचं, आणि नट दर वेळी त्यात नवी जागा घालायचा. रात्रीची नाटकं पहाटेपर्यंत लांबायची ती यामुळेच. दरबारी बैठकीत मोजक्यांना असलेला अधिकार इथे तिकीट काढणाऱ्या कुणालाही मिळाला. मराठी संगीताच्या इतिहासात ‘वन्स मोअर’ची टिंगल फार झाली आणि त्याचा अभ्यास फार थोडा झाला, याचं मला नवल वाटतं.

यंत्र आलं आणि बैठक व रंगभूमी या दोन्ही जागांमधला परतीचा रस्ता बंद झाला. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, आणि गायकाच्या समोर माणसाऐवजी कर्णा. घरी ऐकणाऱ्याने पिन उचलून पुन्हा मागे ठेवली की त्याला ‘वन्स मोअर’ मिळायचा, पण त्यात नवी जागा यायची नाही. रेडिओनेही हेच केलं. मुंबईचं नभोवाणी केंद्र १९२७ मध्ये, पुण्याचं १९५३ मध्ये आणि कोल्हापूरच्या अगदी शेजारचं सांगलीचं १९६३ मध्ये सुरू झालं. स्टुडिओच्या बंद खोलीत गाणाऱ्याला हजारो घरांतली एकही मान दिसत नव्हती. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांचं गीतरामायण हे या एकतर्फी माध्यमाचं मराठीतलं सर्वांत मोठं यश. १ एप्रिल १९५५ पासून पुढे वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे, गदिमांची ५६ गीतं पुणे केंद्रावरून गेली. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, असं त्या पिढीतले सांगतात. ही दाद खरीच होती, पण ती केंद्रावर पोचायची पोस्टाने, पुढच्या आठवड्यात. आणि आणखी एक फरक पडला. कोणतं वाद्य ऐकवण्याजोगं, हे आता माध्यमाचा मालक ठरवू लागला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. ज्या कोल्हापूर परिसराने गोविंदराव टेंब्यांसारखा हार्मोनियमवादक दिला, तिथल्या लोकांना रेडिओवर तीस वर्षं पेटीची साथ ऐकू आली नाही. बंदीमागे युक्तिवाद होता: पेटीचे सूर ठोकळेबाज, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत. तो पटो न पटो, निदान तो मांडलेला होता आणि त्याच्याशी भांडता येत होतं. आजच्या कॉलवर तानपुऱ्याचा आवाज कापणाऱ्या आज्ञावलीशी भांडणार कसं?

या एकतर्फी प्रवासाचं टोक अल्लादियाखाँच्याच शिष्येच्या वाट्याला आलं. केसरबाई केरकर यांनी १९२१ पासून पुढे बरीच वर्षं खाँसाहेबांची तालीम घेतली. त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची तबकडी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी ध्वनिमुद्रिकेत गेली, आणि व्हॉयेजर-१ उडाल्यावर दोनच आठवड्यांच्या आत केसरबाई गेल्या. आज त्या यानाचा संदेश पृथ्वीवर पोचायला जवळपास एक दिवस लागतो. माणसाचं गाणं याहून दूर कुठे गेलेलं नाही, आणि याहून कमी दाद मिळण्याची शक्यताही दुसऱ्या कुठल्या गाण्याच्या नशिबी नाही.

मग दोन्ही दिशांनी वाहणारी तार होती तिचं काय? युरोपात टेलिफोन जन्मल्याबरोबर त्याच्यावरून संगीत पाठवण्याचे प्रयोग झाले. पॅरिसच्या १८८१ च्या वीज प्रदर्शनात ऑपेरा तारेवरून ऐकवला गेला, पुढे त्याची कंपनी निघाली. बुडापेस्टमध्ये १८९३ पासून वर्गणीदारांना टेलिफोनवर बातम्या आणि संगीत मिळू लागलं. गंमत अशी की दुतर्फा बोलता येणारं यंत्र हाती असूनही त्यांनी त्याचा उपयोग एकतर्फी केला. ऐकणाऱ्याने उलट काही म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. आपल्याकडे तेही झालं नाही. टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो; बोलणं समजायला तो पुरतो, पण खर्जाचा पाया आणि जवारीचा झंकार दोन्ही त्यात गळतात. शिवाय ट्रंक कॉलची मिनिटं मोजावी लागत. तारेवरून कुणाला तालीम देण्याची कल्पना त्या दरात हास्यास्पद होती. चित्र पालटलं ते इंटरनेटमुळे. भारतात ते सर्वांसाठी १९९५ मध्ये खुलं झालं, स्काइप २००३ मध्ये आलं, आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनी इथल्या गुरूंकडून मुलांना पेटी, तबला, गाणं शिकवून घ्यायला सुरुवात केली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तसा हा प्रकार तालुक्याच्या गावांपर्यंत उतरला. मार्च २०२० च्या टाळेबंदीने नवा शोध लावला नाही. काही घरांत चालत असलेली गोष्ट तिने सर्वांवर लादली.

आणि लादल्यावर तिच्या मर्यादा उघड्या पडल्या. व्हिडिओ कॉलची रचना संभाषणासाठी आहे, आणि संभाषणात एका वेळी एकच बोलतो असं ती गृहीत धरते. दोघांचे आवाज एकाच वेळी आले तर ती एकाला दाबते, नाहीतर समोरच्या स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरून घुमत राहील. जो आवाज सतत, एकसारखा येतो तो पंख्याचा असावा असं समजून ती त्याला पुसून टाकते. तानपुरा सतत आणि एकसारखा वाजतो, म्हणून पंख्याच्या पंक्तीला बसतो. हळू आवाज ती वर उचलते, मोठा खाली दाबते, त्यामुळे गवयाने मुद्दाम लहान केलेला आवाज पलीकडे नेहमीच्याच मापाने पोचतो. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय झूमसारख्या कंपन्यांनी दिली, २०२० मध्ये संगीतासाठी खास पर्यायही आला, आणि ज्यांना ते बटण सापडलं त्यांचा तानपुरा वाचला. पण उशिराला बटण नाही. साध्या कॉलवर आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा सहज लागतो, पुष्कळदा त्याहून जास्त. समजा गायिका कोल्हापुरात आणि तबलजी पुण्यात आहे. तिचा सूर त्याला १५० मिलिसेकंद उशिरा मिळतो, तो त्यावर अचूक ठेका धरतो, आणि तो ठेका तिच्याकडे पुन्हा तेवढ्याच उशिराने येतो. एकूण ३०० मिलिसेकंद. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे तबलजीची चूक नसताना तो पुऱ्या मात्रेने मागे. ती त्याच्यासाठी थांबते, तो तिच्यासाठी थांबतो, आणि लय खाली घसरत जाते. एकत्र वाजवणाऱ्यांमध्ये पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की हे होतंच. बैठकीत तबलजी हाताच्या अंतरावर बसतो. तिथे उशीर दोन-तीन मिलिसेकंदांचा.

पॅलेस थिएटरच्या मागच्या रांगेची बाब इथे कामाला येते. त्या श्रोत्याला आवाज नव्वदएक मिलिसेकंद उशिरा पोचत होता आणि त्याचं काही बिघडत नव्हतं, कारण त्याला कुणाच्या बरोबर वाजवायचं नव्हतं. उशीर एकट्या ऐकणाऱ्याला छळत नाही. तो छळतो बरोबर असणाऱ्याला. आणि मैफल ही सगळी बरोबर असण्याची गोष्ट आहे. साथीदार बरोबर असतो, तानपुऱ्यावरचा शिष्य बरोबर असतो, समेवर ‘आहा’ म्हणणारा त्याच मात्रेत असतो. कॉलवर ही दाद दुहेरी मार खाते: आधी ती उशिरा येते, आणि गोंगाट नको म्हणून सगळ्यांना म्यूट केल्यावर येतही नाही. पडद्यावर हलणारे ओठ आणि वर केलेले अंगठे दिसतात. नगारखान्यातल्या वादकाची आणि कॉलवर मैफल करणाऱ्याची अवस्था इथे सारखी होते, फरक इतकाच की नगारखान्यातला वादक दादेची वाट पाहत नव्हता.

तालमीचं तसं नाही. तिचा सांगाडाच पाळीपाळीचा आहे. गुरू एक ओळ म्हणतो आणि थांबतो. शिष्य ती म्हणतो आणि थांबतो. गुरू ‘अंहं’ म्हणून तीच ओळ पुन्हा म्हणतो. या थांबण्यांमध्ये पाव सेकंदाचा उशीर विरघळून जातो. एका वेळी एकानेच बोलावं ही कॉलची अट तालीम आधीपासून पाळत आलेली आहे. जयपूर गायकीचा प्रसार पाहिला तर तो जवळजवळ सगळा या मार्गाने झालेला दिसतो. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकलेले होते. अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ यांच्याकडून त्यांना जयपूरची तालीम मिळू लागली आणि १९३७ मध्ये मंजीखाँ वारल्यावर ती धाकटे बंधू भूर्जीखाँ यांनी पुढे चालवली. भूर्जीखाँ यांच्याकडेच वामनराव सडोलीकर शिकले, गजाननबुवा जोशी शिकले, कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. एकाच घराण्याचा बाज एका माणसाकडून इतक्या वेगवेगळ्या गळ्यांत गेला, आणि प्रत्येक गळ्याने तो वेगळा उचलला, कारण प्रत्येकाला त्याची त्याची चूक त्याच बैठकीत कळत होती. तबकडी चूक दाखवत नाही. तिच्यावरून नक्कल करणारा तीच चूक शंभरदा घोटतो आणि तिला शैली म्हणतो. अल्लादियाखाँनी तबकडी न देऊन काय गमावलं ते आपण नेहमी बोलतो. त्यांच्या विद्येला मात्र तबकडीची गरज पडली नाही, कारण तिचं वाहन चूक दुरुस्त करणारं माणूस हे होतं. कॉल त्या माणसाला पडद्यावर आणतो. ग्रामोफोन आणि रेडिओ यांच्या हातून हे कधी झालं नव्हतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप खुद्द घराण्यातून येतो. तालीम म्हणजे ओळ आणि तिची पुनरावृत्ती एवढंच नव्हे. गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसणं, तो मैफलीत कुठे घसरला आणि कसा सावरला हे पाहणं, न शिकवलेलं उचलणं, याला जुने लोक खरी विद्या मानत. मोगूबाई कुर्डीकरांची गोष्ट याचाच पुरावा म्हणून सांगता येईल. अल्लादियाखाँ औषधोपचारासाठी सांगलीत आलेले असताना त्यांच्या कानावर तिचा रियाज पडला, ते घराबाहेर थांबून ऐकू लागले आणि मग आपणहून शिकवायला आले, अशी ती गोष्ट. खाँसाहेब मुंबईला गेले तेव्हा मोगूबाईही मुंबईला गेल्या. रस्त्यावरून जाताना कानावर पडणं कॉलवर घडत नाही; तिथे वेळ ठरवून, दुवा पाठवूनच भेट होते. हा आक्षेप मी मान्य करतो. पण त्याचा निष्कर्ष मर्यादित आहे. कॉलवर तालमीचा एकच भाग जातो, ओळ आणि दुरुस्ती यांचा. हा भाग लहान नाही, आणि बंदिशीचा मूळ ढाचा त्यातूनच बसतो. राहिलेल्या भागासाठी समोर बसण्याला पर्याय नाही. सगळी तालीम कॉलवर देता येते म्हणणारा आणि काहीच देता येत नाही म्हणणारा, दोघेही तालीम ही एकसंध वस्तू आहे असं धरून चालतात, आणि तेच चुकतं.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे आणि तो मला जास्त टोचतो. बैठकीचं एवढं कौतुक करताना तिथे कोण बसत होतं? दरबारातले, वाड्यातले, बहुतेक पुरुष. घरंदाज स्त्रीने बैठकीला जाणं अवघड. गाणाऱ्या स्त्रीला तालीम मिळवताना किती दारं बंद सापडत हे केसरबाई आणि मोगूबाई दोघींच्या चरित्रांत दिसतं. गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या मुलीला आज फोनवर गुरू मिळत असेल तर मैफल अडते म्हणून गळा काढणं हे मोजक्यांचं दुःख नव्हे का? यातला रोख बरोबर आहे, पण नेम चुकतो. ज्यांना दार बंद होतं त्यांना सर्वांत आधी काय हवं होतं? तालीम. आणि तीच कॉल देतो. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळकटीच देतो. मैफलीचं दार उघडण्याचं काम यंत्राने केलेलं नाही. ते शाहू महाराजांच्या काळात नाट्यगृह बांधून झालं, देवल क्लबासारख्या संस्थांनी केलं, नवरात्रात आणि गणेशोत्सवात मंडप घालून झालं. चंदगडच्या मुलीला घरबसल्या मैफलीचा दुवा मिळतो म्हणून तिच्या गावात गाण्याला जागा नको असं ठरवणं, हा तिच्यावरचा नवा अन्याय ठरेल.

टाळेबंदीत फेसबुक आणि यूट्यूबवर झालेल्या मैफलींकडेही बोट दाखवलं जातं. त्या हजारोंनी ऐकल्या, खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला. पण त्या कॉल नव्हत्याच. तो रेडिओ होता, चित्रासह. गायक आणि साथीदार एका खोलीत बसून वाजवत, उरलेलं जग ऐके, आणि प्रतिक्रिया काही सेकंदांनी गायकापुढच्या फोनवर सरकून जात. गीतरामायणाला आलेल्या पत्रांपेक्षा ही दाद लवकर पोचली हे खरं, पण सम गेल्यावरच पोचली. आणि शेवटी येतो तंत्रज्ञांचा दिलासा: आज ना उद्या उशीर शून्यावर येईल. जवळच्या अंतरांबाबत हे बरंचसं खरं आहे. जॅकट्रिप, जॅम्युलस यांसारख्या खास आज्ञावल्या, तारेने जोडलेलं चांगलं इंटरनेट आणि कानात वायरचा इअरफोन इतकी सिद्धता असेल तर कोल्हापूर आणि पुणे यांच्यामध्ये सवाल-जवाब होऊ शकतो. पण कोल्हापूर ते न्यू जर्सी हे अंतर सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरहून जास्त आहे, आणि काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. जाण्यालाच साठ मिलिसेकंदांहून जास्त, येऊन-जाऊन सव्वाशे. समुद्रतळाच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात आणखी. हा आकडा कोणत्याही कंपनीच्या हातात नाही. अमेरिकेतला नातू आणि कोल्हापूरची आजी भजनाला एकत्र टाळ धरू शकणार नाहीत. आजीने म्हणावं आणि नातवाने मागून म्हणावं, हे मात्र ते आजही करू शकतात. वारकरी भजनात एकाने चाल सांगायची आणि टाळकऱ्यांनी ती उचलायची ही रीत असल्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही वाटणारही नाही.

तेव्हा कोल्हापूरच्या गुरूंनी कॉलवर शिकवण्याचा संकोच करू नये. त्यात घराण्याची अप्रतिष्ठा नाही. ओळ आणि दुरुस्ती हे त्यांचं जुनंच काम आहे. तानपुऱ्याचा आवाज कापणारं बटण आधी बंद करावं, शिष्याने तानपुरा आपल्या टोकाला लावावा, तबला दोघांनी एकाच वेळी मध्ये आणू नये, आणि एकत्र गाण्याचा हट्ट सोडावा. परदेशातल्या शिष्यांनी वर्षातून एकदा तरी इथे येऊन गुरूच्या मागे बसावं. आणि कोल्हापूरकरांनी आपल्या शहरातल्या बसण्याच्या जागांकडे पाहावं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचं नाट्यगृह आगीत जळालं. पुनर्बांधणीचं काम हाती घेतलं गेलं आहे. तिथल्या खुर्च्या, दिवे आणि वातानुकूलन तपासायला पुष्कळ लोक येतील. कुणीतरी मागच्या रांगेत बसून, ध्वनिक्षेपक बंद ठेवून, रंगमंचावरच्या माणसाला एक पद म्हणायला सांगावं आणि मगच कामाची पावती द्यावी.